सुई हलली नाही

सुई ओरडली ती ताईच्या पिशवीमुळे. जिना अरुंद, ताई वर येत होती, मास्तर सुई नावाच्या या कुत्रीला घेऊन खाली उतरत होता, आणि ताईच्या हातातल्या पिशवीचा कोपरा (आत बटाटे, साबण आणि एक पत्र्याचा डबा, डबाच असणार) सुईच्या उजव्या मागच्या पायाला, घोट्यापाशी लागला. लागला म्हणजे नुसता घासला. झोपलेल्या मुलाच्या गालावरून पांघरुणाची कड जावी तेवढाच. आणि सुई अशी ओरडली की वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं, कोणीतरी खाली वाकून पाहिलं आणि दार पुन्हा लागलं.

"मी काही केलं नाही," ताई भिंतीला चिकटून म्हणाली. "साधी पिशवी आहे रे ही. तुझी कुत्री नाजूक, कबूल, पण म्हणून माणसांनी जिनाही चढायचा नाही का?"

मास्तर पायरीवर बसला आणि नेहमीसारखं, हलक्या आवाजात म्हणाला, "बघू." सुई थांबली. चारही पाय सारखे टेकून, मान सरळ, शेपटी पोटाशी वळवून. सकाळी अंथरुणातून उठल्याउठल्या त्याने हाच पाय पाहिला होता. आता पुन्हा पाहिला. घोट्याच्या आतल्या बाजूला एक लहानसं हाड असतं. धावताना कुत्रं वळणावर आलं की सगळा भार त्याच्यावर येतो. त्या हाडावर त्याने अंगठा ठेवला आणि दाबला. सुई हलली नाही. जरा जास्त दाबला. सुई हलली नाही. सूज नव्हती, ऊब नव्हती. तिची नजर त्याच्या डाव्या खिशावर होती. डाव्या खिशात वाळवलेल्या कलेजीचे तुकडे असतात.

तेव्हा त्याला कळलं. कळलं हा शब्द बरोबर नाही. अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघाली की पाऊल कसं हवेत जातं, तसं काहीतरी झालं. ताईच्या पिशवीला ती ओरडली होती. त्याच्या अंगठ्याला ओरडत नव्हती. दुखणं तेच, जागा तीच. फरक एवढाच की पिशवीने आधी "बघू" म्हटलं नव्हतं.

म्हणजे हे त्यानेच केलं होतं. हाताने. कलेजीने. प्रेमाने, असंही म्हणता आलं असतं, पण तो शब्द आता त्याला घशाखाली उतरेना. शर्यतीच्या ट्रॅकवरचे बाकीचे लोक त्याला मास्तर म्हणत ते आदराने नव्हे. आधी गोंजारमास्तर म्हणत, मग आळसाने नुसतं मास्तर. कारण तो कुत्र्यांना मारत नसे. उपाशी ठेवून पळवत नसे. जिवंत ससा दाखवून पिसाळवत नसे. गवतावर, उतारावर, वाळूत, एक दिवस जोरात आणि दोन दिवस संथ, असं तो त्यांना पळवी. आणि सराव संपला की दोरीवरचा कापडी ससा प्रत्येकाला खरोखर पकडू देई, चावू देई, चिंध्या करू देई, कारण आयुष्यभर धावून हाताला काहीच लागलं नाही तर कुत्र्याचंही मन मरतं असं त्याचं म्हणणं होतं. (यावर ट्रॅकवरचा दुसरा शिकवणारा, ज्याला सगळे फौजदार म्हणत, म्हणाला होता, "मग माझंही मन मेलंय मास्तर, मलाही कोणीतरी ससा द्या." सगळे हसले होते. मास्तरही हसला होता.) सुईसारख्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते म्हणून गाद्या जाड. थंडीत पाठीवर कोट. आणि कुठेही हात लावायच्या आधी "बघू" म्हणायचं, म्हणजे कुत्रं दचकत नाही. शांत उभं राहिलं तर एक तुकडा. नखं कापताना उभं राहिलं, तुकडा. डॉक्टरच्या टेबलावर उभं राहिलं, तुकडा. दुखऱ्या जागी हात लागला आणि

आणि तरी उभं राहिलं, तुकडा.

हे शेवटचं त्याने कधी शिकवलं नव्हतं. पण सुईला कुठे माहीत होतं की ते शिकवलेलं नाही? ती हुशार होती. दोरी सुटायच्या आधी दोरीचा आवाज ओळखणारी. तिने गणित सोडवलं होतं: हात म्हणजे गप्प राहणं. शिवाय दुसरंही एक गणित होतं, आणि ते आठवल्यावर मास्तरने जिन्याचा कठडा धरला. गेल्या हिवाळ्यात तिच्या खांद्याला लचक भरली होती. तेव्हा त्याच्या बोटांखाली तिने अंग चोरलं होतं, आणि त्याने तिला लगेच विश्रांती दिली होती. गादी, शेक, मालिश, बंद खोली. बाकीची कुत्री पळत असताना ती खिडकीशी उभी राहून काचेवर श्वास सोडत असे. त्याला वाटलं होतं, हिला बरं वाटतंय. ती शिकत होती. अंग चोरलं की धावणं बंद होतं.

"काय रे," ताई म्हणाली, "पांढराफटक पडलास. चावली का?"

"नाही. चावली असती तर बरं झालं असतं."

"हे आणि नवीनच."

ताई त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठी. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, म्हणजे ओरडून ओरडून माणसात ठेवलं. कुत्र्यांचा तिला मनापासून तिटकारा. आज ती आली होती ते त्याने इतकी वर्षं आग्रह केला म्हणून: एकदा तरी ये, एकदा तरी बघ मी काय करतो ते. आज दुपारी मोठी शर्यत होती. सुई जिंकेल असं सगळे म्हणत होते. आणि सुई जिंकली तर मालकीणबाई त्यांची सगळी कुत्री फौजदारच्या आवारातून काढून मास्तरच्या हाती देणार होत्या. तसा शब्द दिला होता. फौजदारचं आवार मास्तरने पाहिलं होतं. सिमेंटचे गाळे, आखूड साखळ्या, आणि माणूस जवळून गेला की सगळी कुत्री एकदम मागे सरकतात. भुंकत नाहीत. मागे सरकतात. त्या सगळ्या पाठी, त्या सगळ्या फासळ्या त्याला रात्री झोपेत दिसत. शिट्टी वाजली की सुई धावायला लागेल, आणि वळण घेईल तेव्हा त्या सगळ्या साखळ्या सुटतील, असं त्याने इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की ते होऊन गेल्यासारखंच वाटे.

आता वळण आलं की वेगळंच दिसत होतं.

तिघं चालत निघाली, कारण शर्यतीच्या दिवशी तो सुईला गाडीत घालत नसे. चालण्याने स्नायू मोकळे होतात. रस्त्याच्या कडेला चपलांचं दुकान, किल्ल्या करणारा, बंद पडलेलं सिनेमागृह, फुटपाथवर उखडलेल्या फरशा. सुई फरशा टाळून चालत होती. तो तिच्या मागे राहून मागची पावलं बघत होता. उजवं पाऊल डाव्याइतकंच टेकत होतं. डाव्याइतकंच उचललं जात होतं. लंगडण्याचा मागमूस नाही. किती सुंदर चालत होती! आणि हे सुंदर चालणं खोटं होतं, आणि हा खोटेपणा त्याने एकेक तुकडा खर्चून विकत घेतला होता. दुसऱ्या कुणाच्या कुत्रीने केव्हाच लंगडून दाखवलं असतं. फौजदारच्या कुत्रीने तर नक्कीच.

शर्यत त्याच्या डोक्यात सुरू झाली ती त्याला थांबवता येईना. पिंजऱ्याची दारं वर जातात. कापडी ससा रुळावरून सूं करत निघतो. सुई बाहेर पडते, पहिल्या वळणावर आतली बाजू धरते, उजवा पाय बाहेर, सगळा भार त्या लहान हाडावर, आणि आवाज येतो. सुकी फांदी मोडल्यासारखा. ती कोलमडते, मागची कुत्री तिच्या अंगावरून. नाही. पुन्हा. दारं वर जातात. पहिलं वळण निभावतं. दुसरं. ती पुढे आहे, ती जिंकते आहे, आणि हाड शेवटच्या रेषेनंतर मोडतं. नाही, मोडत नाही. पुन्हा. हाडाला काही झालेलंच नाही, ताईच्या पिशवीतला डबाच टोकदार होता, एवढंच. दारं वर. इथे त्याला स्वतःची शिसारी आली, कारण यातल्या एका शर्यतीत, ज्यात ती जिंकते आणि मग मोडते, तो हिशोब करत होता: एक पाय, आणि त्या सगळ्या साखळ्या. एक पाय देऊन टाकायचा. सुईला विचारलं असतं तर तीही धावतेच म्हणाली असती. तो फुटपाथच्या मधोमध थांबला.

"मला ती धावायला नको आहे," तो मोठ्याने म्हणाला.

"मग नको धावू देऊस," ताई म्हणाली. "त्यात काय एवढं. कुत्री तुझी."

पण कुत्री त्याची नव्हती.

मालकीणबाई ट्रॅकच्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसून हातमोजे काढत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या नेहमीच सगळं ऐकून घेत, तीच त्यांची पद्धत. मग म्हणाल्या, "लंगडते का?"

"नाही."

"सूज?"

"नाही."

"हात लावल्यावर दुखतं?"

"दुखत असणार. दाखवत नाही."

"मास्तर," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखर काळजी होती, "तुम्ही घाबरलात. साहजिक आहे. एवढी वर्षं सगळ्यांना सांगत आलात की मार न देता कुत्रं जास्त पळतं, आणि आज ते सिद्ध करायची वेळ आली, तर माणूस कच खातो. माझ्या भावाचं लग्नात असंच झालं होतं."

दाराशी उभा असलेला फौजदार हसला. तो जाडजूड, नीटनेटका, आणि खरं तर वाईट माणूस नव्हता. मार हा त्याला औषधासारखा वाटे, कडू पण लागणारा. "तुम्ही नसाल नेत तर मी नेतो तिला आत," तो म्हणाला. "हळू नेतो. तुमच्यासारखं बघू बघू करत नेतो."

"डॉक्टर तपासतीलच," बाई म्हणाल्या. "त्यांनी नाही म्हटलं तर नाही. त्यांनी हो म्हटलं तर कोणीतरी नेईल. तुम्ही नेलंत तर मला आवडेल."

तपासणीची खोली पांढऱ्या फरशीची. मधे टेबल, वर रबराची चादर, कोपऱ्यात वजनकाटा. बाई भिंतीजवळच्या खुर्चीवर बसल्या, फौजदार दाराशी थांबला. डॉक्टर म्हातारे होते, सतत पेपरमिंट चघळत. मास्तरने सुईला उचलून टेबलावर ठेवलं. तिचं वजन त्याच्या हातांना पाठ होतं. तिची छाती त्याच्या छातीला लागली तेव्हा तिचं हृदय शांत, सावकाश चालत होतं, आणि त्याचं धडधडत होतं, आणि क्षणभर त्याला कळेना कोणाला धावायचं आहे.

"बघू," डॉक्टर म्हणाले. त्यांनाही मास्तरचीच सवय लागली होती. सुई टेबलासारखी उभी राहिली. मान, खांदे, कोपर, पाठ, मांड्या. उजवा घोटा. डॉक्टरांनी तो वळवला, दाबला, सोडला.

"काही नाही."

"पुन्हा बघा. आतल्या बाजूला. ते लहान हाड."

त्यांनी पुन्हा पाहिलं. सुईने एकदा जीभ नाकावर फिरवली. तेवढंच. ते फक्त मास्तरला दिसलं. "डॉक्टर, ती बोलणार नाही. मीच तिला गप्प केलंय. सकाळी जिन्यात ओरडली ती. ताईला विचारा."

ताई दाराबाहेर पिशवी पायांत धरून बाकावर बसली होती. "ओरडली खरी," ती कोणी न विचारताच बाहेरून म्हणाली. "पण मी काही केलं नाही."

"जिन्यात कुत्री ओरडतातच," डॉक्टर म्हणाले. "हे बघा, हाडाचा फोटो काढायचं यंत्र गावातल्या दवाखान्यात आहे. इथे माझ्याकडे हे दोन हात. हाताला लागेल तेवढंच मी म्हणू शकतो. अशी उभी राहणारी कुत्री मी दुसरी पाहिली नाही. तुमचं कौतुक आहे, मास्तर. आता उतरवा तिला."

कौतुक. त्याने तिला उतरवलं. बाहेर लाउडस्पीकरवर कोणीतरी खरखरत काहीतरी सांगत होतं. फौजदारने पट्ट्यासाठी हात पुढे केला. सुई दाराकडे वळली. दारापलीकडे ट्रॅक, वाळूचा वास, तिचे कान उभे राहिले, सबंध अंगात एक बारीक थरथर सुरू झाली, आनंदाची, आणि तिने मास्तरकडे वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहायची गरज तिला आयुष्यात कधी पडली नव्हती. मागे तो आहे म्हणजे मागे काही वाईट नाही. हे तिला त्यानेच शिकवलं होतं. सगळ्यांत आधी शिकवलं होतं, ती ओंजळीत मावायची तेव्हा.

त्याला दिसलं की एकच वाट उरली आहे. ती त्याला जिन्यातच दिसली होती. इतका वेळ तो तिच्याकडे पाठ करून चालत होता.

तो वाकला. "बघू" म्हणाला नाही. मागून, न सांगता, दोन्ही हातांनी त्याने तिचा उजवा घोटा पकडला आणि पिळला.

ती किंचाळली. किंचाळणं फरशीवर, भिंतींवर, वजनकाट्याच्या पत्र्यावर आपटत राहिलं. ती फिरली, तिचा जबडा त्याच्या मनगटापर्यंत आला आणि तिथेच थांबला, उघडाच, कारण ते मनगट त्याचं होतं. ती चावली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ती पोट जमिनीला लावून मागे सरकली. भुंकली नाही. मागे सरकली. फौजदारच्या आवारात सरकतात तशी.

"अहो!" डॉक्टरांनी त्याला खांद्याला धरून बाजूला ढकललं. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, पेपरमिंट थुंकलं, आणि तिच्या पायाकडे हात नेला. या वेळी तेही "बघू" म्हणाले नाहीत. बोटं जेमतेम टेकली, तशी ती कळवळली आणि तिने पाय पोटाखाली ओढून घेतला. त्यांनी डावा पाय धरून पाहिला. डावा तिने धरू दिला. पुन्हा उजवा. पुन्हा तेच. 

"तुमच्या पिळण्याने एवढं होत नाही," शेवटी ते म्हणाले. "आधीचं आहे. हाडाला चीर असेल. ही आज धावणार नाही. मला विचाराल तर कधीच नाही." मग मास्तरकडे न बघता, "पण तुम्ही जे केलंत ते मला वर सांगावं लागेल. माझ्यासमोर केलंत. तुम्हाला इथे पुन्हा कुत्रं आणू देणार नाहीत."

"सांगा," मास्तर म्हणाला.

"शेवटी आमच्याच वाटेवर आलात की मास्तर," फौजदार म्हणाला. पण हसला नाही. त्याने टोपी काढली आणि तो टोपीच्या आत बघत राहिला, जणू हरल्यासारखा, जणू त्यालाही त्या वाटेच्या टोकाला दुसरं काही असेल असं वाटत आलं होतं.

मालकीणबाईंनी हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवून. "बाकीच्या कुत्र्यांचं विसरा," त्या म्हणाल्या. "आणि ही मोडकी मला नको. तिचं काय ते तुम्हीच बघा." त्या गेल्या. गेल्या तशा त्या सगळ्या साखळ्याही गेल्या, खणखणत, त्याच्या डोक्यातून बाहेर, सिमेंटच्या गाळ्यांत परत. त्या पाठी, त्या फासळ्या. तो त्यांना नाही म्हणाला होता. कोणासाठी? कोपऱ्यात वजनकाट्याला पाठ लावून बसलेल्या एका कुत्रीसाठी. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत ओळख नव्हती. नाही, ओळख होती. तेच वाईट होतं.

त्याने डाव्या खिशात हात घातला. कलेजीचा तुकडा तळहातावर ठेवला आणि हात लांब केला, जमिनीलगत, सावकाश. "बघू," तो म्हणाला. सवयीने निघून गेलं. हात अजून तिच्यापासून लांब होता. तो लागायच्या आधीच ती ओरडली.

बाहेर दारं वर गेल्याचा आवाज झाला. ससा सूं करत निघाला. लोक ओरडायला लागले. तेवढ्यात ताई आत आली, पिशवी घेऊन, कपाळाला आठ्या घालून. सुई तिच्याकडे गेली. सकाळी जिने तिला दुखवलं होतं त्याच पिशवीच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि पिशवी आणि ताईची पोटरी यांच्यामधून मास्तरकडे बघू लागली.

"ए, माझ्याकडे काय," ताई म्हणाली. "मी नाही हो कुत्रीबित्री ठेवत." मग तिने भावाच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी ताप बघायला त्याच्या कपाळाला हात लावायची तसा तिने हात उचलला, अर्ध्यावर थांबली, आणि तोच हात पुढे केला. "दे तो पट्टा इकडे. दे. आणि तू मागून ये. जवळ येऊ नकोस, थरथरतेय ती."

त्याने पट्टा जमिनीवर ठेवला आणि तो मागे झाला. ताईने उचलला.

परतीच्या रस्त्याला त्या दोघी पुढे, तो मागे. उखडलेल्या फरशा, बंद सिनेमागृह, किल्ल्या करणारा. तुकडा अजून त्याच्या मुठीत होता, घामाने मऊ झालेला. ताई पट्टा कपड्याची दोरी धरावी तसा अंगापासून लांब धरून चालत होती आणि दर थोड्या वेळाने सुईला काहीतरी सुनावत होती, हळू चाल, एवढी घाई कशाला, कोण बसलंय तुझी वाट बघत. तो दोन दुकानांइतकं अंतर ठेवून होता. जवळ गेला की सुईचे कान मागे पडत. म्हणून तो जवळ गेला नाही. तिथून त्याला फक्त तिची मागची पावलं दिसत होती. डावं टेकत होतं. उजवं टेकत नव्हतं. चपलांच्या दुकानातल्या माणसाने हातातलं काम थांबवून बघितलं, अरेरे म्हणाला. ती लंगडत होती. लपवत नव्हती, दर पावलाला, सबंध रस्त्यादेखत, लंगडत होती.